भोईवाड्यातले नऊ दगड

गणपती गेले की लालबाग-परळला दोन दिवस आवाज उरत नाही. ढोल, ताशे, लाउडस्पीकर एकदम थांबतात आणि कावळे ऐकू यायला लागतात. मांडवांचे बांबू उतरत असतात. ताडपत्र्यांच्या घड्या घालताना त्यांत साठलेलं पाणी रस्त्यावर ओतलं जातं, कडेला गुलालाचा चिखल वाळून त्याच्या खपल्या होतात. पाऊस पुरता गेलेला नसतो, पण त्याचं इथलं मन उडालेलं असतं. दुपारी ऊन पडतं ते पिवळं आणि जड. त्या उन्हात डोक्याच्या उंचीवर शेकडो चतुर नुसते तरंगत असतात. या पंधरवड्यात कुणी नवं काही करत नाही. कपडे घेत नाहीत, लग्नं ठरवत नाहीत, कागद करत नाहीत. मला मात्र लहानपणी वर्षातले हेच पंधरा दिवस आवडायचे. गणपती साऱ्या लालबागचे असायचे. पितर आमचे.

आमची चाळ भोईवाड्यात, कोर्टाच्या मागच्या अंगाला. चाळीची मागची भिंत आणि पलीकडच्या गोदामाची भिंत यांच्यामध्ये सहा-सात फुटांची पट्टी होती, आणि त्या पट्टीत ओळीने नऊ काळे दगड. गुडघ्याएवढे. बहुतेकांवर पिंड कोरलेली, एकावर पावलं, एकावर शंख. कोपरे झिजून गुळगुळीत झालेले. या आमच्या पूर्वजांच्या समाध्या. आम्ही गोसावी. आमच्यात माणूस जाळत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, अंगाला भस्म लावतात, भोवती गळ्यापर्यंत मीठ भरतात, वर बेल घालतात आणि माती लोटतात. माझी आजी सांगायची, आपली माणसं झोपत नाहीत, बसून राहतात.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत फिटर होते. गिरणी गेल्यावर एका दवाखान्याच्या दारात वॉचमन झाले. पण कुणी विचारलं तर ते आधी सांगायचे, आम्ही इथले. 'इथले' म्हणताना चपलेचा अंगठा जमिनीवर दाबायचे. हे मुळात खाडीकाठचं गाव होतं म्हणे. भरतीचं पाणी शिवडीच्या बाजूने आत यायचं, भोई आणि कोळी आपल्या होड्या इथवर आणून बांधायचे. आमचे पहिले, रामपुरी, अशाच एका होडीतून आले आणि उतरल्या जागी चिंचेखाली बसले. गावाने ती जागा त्यांना दिली. पुढे खाडी भरली, चिंच गेली, गिरण्या आल्या. चाळ बांधणाऱ्या शेटजींनी दगड काढायला माणसं लावली होती, पण मग काढले नाहीत. का, ते आप्पांनाही ठाऊक नव्हतं. भिंत तेवढी सात फूट मागे सरकली.

मी आठवीत असताना आई गेली. तोवर चाळीमागे कुणाला पुरायला परवानगी असण्याचे दिवस कधीच संपले होते. तिला स्मशानातल्या दफनाच्या कोपऱ्यात बसवलं. काही वर्षांनी त्याच जागी दुसऱ्या कुणाला बसवलं. तिथली रीतच तशी आहे, जागा तेवढीच आणि माणसं येतच असतात. हे कळल्यावर आप्पा पुन्हा तिथे गेले नाहीत. आईचं पानही ते पट्टीतच ठेवायला लागले, शंखाच्या दगडापाशी. "इथे तिला सोबत आहे," म्हणाले.

पंधरवडाभर ते रोज सकाळी दगड धुवायचे. नारळाच्या काथ्याने घासून, कडेचं शेवाळ काढून. मी तांब्या घेऊन मागे. प्रत्येक दगडावर पाणी घालताना ते नाव घ्यायचे. रामपुरी, हरपुरी, चेतनपुरी... पुढची नावं मला आज खात्रीने सांगता येत नाहीत. तेव्हा मी ऐकत नव्हते असं नाही. रोजच ऐकायला मिळणार, असं वाटत होतं.

चाळीतली बाकीची बिऱ्हाडं कोकणातली. त्यांच्यात या दिवसांत म्हाळ घालायला गावी जायची पद्धत. पण गिरण्या बंद पडल्यानंतर गावी जाणं जमेना, आणि गावातली घरंही भाऊबंदांच्या नावावर गेली. मग एका सर्वपित्रीला तळमजल्यावरच्या परबकाकी केळीचं पान घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, खीर.

"आप्पानूं, आमच्या घोवाचा पान हंय ठेवलंय तर चलात?" त्यांनी विचारलं. "गावाक कोण जातला आता?"

आप्पांनी दगडाच्या बाजूला जागा पुसून दिली. "ठेवा की. त्यात विचारायचं काय?"

पुढच्या वर्षी चार पानं आली, त्याच्या पुढच्या वर्षी अकरा. मालवणचे, देवगडचे, गुहागरचे मेलेले लोक भोईवाड्यातल्या गोसाव्यांच्या दगडांवर जेवायला येऊ लागले. गोदामाच्या पत्र्यावर कावळ्यांची रांग लागायची. बायका मागच्या गॅलरीत उभ्या राहून कुणाच्या पानाला आधी शिवतोय ते बघायच्या. कावळा लवकर आला नाही की कुणीतरी हळूच म्हणायचं, "नातवाचं लग्न करते हो यंदा, घ्या आता." आणि खरंच कावळा उतरायचा. मग सगळ्या हसायच्या, एखादी डोळे पुसायची.

एकदा एक मुलगी आली, ऋता नावाची. जुन्या जागांची यादी करत होती, तिच्या कॉलेजचं काम होतं. तिने दगड टेपने मोजले, फोटो काढले, खडूची पावडर लावून काही अक्षरं दिसतात का पाहिलं. आप्पांनी तिला खाडीपासून सगळं सांगितलं. ती भराभर लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "आजोबा, याला काही पुरावा आहे का? एखादा जुना कागद, नकाशा?"

"कागद कशाला? मला माहीत आहे ना."

"हो, पण तुम्हाला माहीत आहे असं लिहिता येत नाही."

ती वाईट नव्हती. पुढे तिने तिची यादी मला फोनवर पाठवली. आमच्या नावासमोर लिहिलं होतं : नऊ दगड, काळ अनिश्चित, माहिती उपलब्ध नाही. मी ते आप्पांना दाखवलं नाही. मी विमा कंपनीत रेकॉर्डला होते. दिवसभर परक्या माणसांची नावं, वारसांची नावं, नाती, जन्मतारखा लिहायचे. घरी येऊन नऊ नावं लिहायला मला एक पोस्टकार्डही पुरलं असतं.

ज्या पंधरवड्याबद्दल लिहायला बसले तो सात वर्षांपूर्वीचा. चाळ पाडून टॉवर बांधायचं तोवर ठरलं होतं. भाडेकरूंच्या कमिटीचे सेक्रेटरी तावडे दुसऱ्या मजल्यावर राहायचे. धावपळीचा, बरा माणूस. त्याच वर्षी श्रावणात आप्पा संडासाला जाताना गॅलरीत घसरले होते. संडास गॅलरीच्या टोकाला, सहा बिऱ्हाडांत दोन. आप्पांच्या कमरेला मार लागला आणि मी त्यांना हाताला धरून नेऊ लागले. बाहेर बादली घेऊन उभी राहायचे. ते आत, मी बाहेर, मागे रांग. पन्नाशीला आलेली बाई मी. रांगेतलं कुणी काही बोलायचं नाही, पण आप्पांना उशीर झाला की ते आतून म्हणायचे, "झालं, झालं, आलो." त्या 'झालं, झालं'चा मला इतका राग यायचा! त्यांच्यावर नाही, पण कुणावर ते मला कधी ठरवता आलं नाही.

तावडे मला जिन्यात भेटले. गणपती जाऊन चार दिवस झाले होते.

"मॅडम, अमावास्येच्या आत सगळे पेपर्स द्यायचेत. एक जरी राहिला तरी सगळ्यांचं लटकतं."

"आप्पा पितृपंधरवड्यात सही करणार नाहीत."

"तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ते मागच्या दगडांचं काढू नका. समाधी-बिमाधी कागदावर आली तर प्रोजेक्टच अडकेल. मग बसा दहा वर्षं बादल्या घेऊन."

"पण मग दगडांचं काय?"

"अहो, गार्डन करणार आहेत ते. ठेवतील कोपऱ्यात."

"तसं लिहून देतील?"

तावडे हसले. "मॅडम, तुम्ही विमा कंपनीत आहात. तुम्ही मला विचारता?"

आप्पांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत आला होता, वाचता यायचं नाही. दशमीच्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसून करार वाचला. एकेक कलम, सावकाश. खोलीत नुसत्या पंख्याचा आवाज. ते कॉटवर पाय खाली सोडून बसले होते, अधूनमधून मान हलवत होते. बाराव्या कलमात पर्यायी निवासाचं होतं, तेराव्यात पाण्याच्या टाकीचं. चौदावं असं होतं : सदर जागेत कोणतेही धार्मिक स्थळ, समाधी, थडगे अथवा दफन अस्तित्वात नाही, असे भाडेकरू प्रतिज्ञापूर्वक नमूद करतात.

मी पान उलटलं आणि पंधरावं वाचलं.

सगळं संपल्यावर आप्पा म्हणाले, "दगडांचं कुठे आलं नाही."

"त्यांचं वेगळं पत्र आहे, आप्पा. बागेत ठेवणार आहेत, कोपऱ्यात."

"तू वाचलंस ते?"

"वाचलं."

पंधरवड्याचं काही न काढता त्यांनी हात पुढे केला. मी पेन दिलं, बोट धरून जागा दाखवली. त्यांनी पूर्ण सही केली, नाव, वडिलांचं नाव, गोसावी. वेलांटी काढून झाल्यावर नेहमीसारखं पेन टोपण लावून परत दिलं. "तू वाचलंस म्हणजे झालं," म्हणाले.

सर्वपित्रीला पट्टीत सगळ्यांची पानं लागली. चाळीतली ती शेवटची. त्या दिवशी आप्पांनी एकेका दगडापुढे वाकून काहीतरी सांगितलं. मी लांब उभी होते, ऐकू आलं नाही. चतुर फार होते.

चाळ रिकामी झाल्यावर आम्हाला वडाळ्याला संक्रमण शिबिरात खोली मिळाली. आप्पांची कमर बरी झाली, एका डोळ्याचं ऑपरेशनही झालं, आणि ते रोज सकाळी बसने भोईवाड्याला जायला लागले. जागेभोवती निळे पत्रे ठोकले होते. गोदामाच्या बाजूच्या पत्र्याला एक फट होती, तिच्यातून पट्टी दिसायची. संध्याकाळी मी कामावरून आले की ते चहा ओतता ओतता सांगायचे, "अजून आहेत." बाकी काही नाही. चाळ पाडली, मलब्याचा ढीग झाला, तरी रोज 'अजून आहेत.' मी 'बरं' म्हणायचे. पावसाळाभर हे चाललं. मग गणपती आले, गेले. द्वितीयेला की तृतीयेला मी घरी आले तर चहा झालेला नव्हता. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. दुसऱ्या दिवशी ते बसला गेले नाहीत. पुन्हा कधीच गेले नाहीत.

रजा टाकून मी गेले. साइटवरचा सुपरवायझर उत्तरेकडचा कुणीतरी होता, त्याने मला सावलीत खुर्ची दिली.

"वो काले पत्थर? वो तो मलबे के साथ गये, मॅडम. भरनी में."

"कुठे? कहाँ?"

"खाड़ी की तरफ़. रोज़ पचास गाड़ी जाती है, कौन सी किधर, क्या मालूम."

मी उठले, तरी विचारलं, "नीचे कुछ मिला?"

"नीचे कुछ नहीं था. थोड़ी सफ़ेद मिट्टी थी. जेसीबीवाला बोला, चूना होगा."

ते मीठ असेल का? इतक्या वर्षांनी, मुंबईच्या इतक्या पावसांनी धुऊनही मीठ राहतं का? मला माहीत नाही. कुणाला विचारावं हेही माहीत नाही. मी बसस्टॉपवर उभी राहिले आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं की नऊ माणसं इथे बसली होती, आपल्या घरामागे, आपण जेवताना, भांडताना, अभ्यास करताना. मी कागदावर त्यांना नाहीत म्हटलं आणि ती गेली.

आप्पांना मी मिठाचं सांगितलं नाही. भरणीचंही नाही. त्यांनी मला पत्राचं विचारलं नाही. आम्ही दोघं त्यानंतर सव्वा वर्ष एका खोलीत राहिलो, आणि ते माझ्याशी फार चांगलं वागले. भाजी निवडून ठेवायचे. माझ्या ऑफिसची चौकशी करायचे. त्यांनी एकदा ओरडावं म्हणून मी मुद्दाम एकदा त्यांच्या आईचा पितळी तांब्या भंगारात देऊ का म्हणून विचारलं. "तुला नको असेल तर दे," म्हणाले.

माघात त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात सहा दिवस काढून ते पहाटे गेले. जाण्याआधी दोन दिवस त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "बसवून ठेव मला." मी बेडची पाठ उंच केली. त्यांना ते म्हणायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

हॉस्पिटलचे कागद होऊन त्यांना ताब्यात दिलं तोवर दुपार झाली, शरीर ताठ झालं होतं, मांडी घालून बसवणं अवघड होतं. नाशिककडचे चुलतभाऊ, ज्यांना आमचे विधी येतात, ते निघाले होते पण पोचायला संध्याकाळ होणार होती. स्मशानातला माणूस मायाळू होता. म्हणाला, "ताई, दफनाच्या जागेत आत्ता एकही उकरता येणार नाही, सगळ्या ताज्या आहेत. मी दुसरीकडे विचारतो." त्याने माझ्यासमोर दोन ठिकाणी फोन लावले. एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याने उद्या दुपारी बघू म्हटलं. चाळीतली माणसं अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तावड्यांनी गाडी आणली होती, ते डोक्याला रुमाल बांधून उभे होते. परबकाकी बाकावर बसून पदराने वारा घेत होत्या. कुणी मला घाई केली नाही.

फॉर्मवर दोन चौकोन होते. मी दहनावर खूण केली.

अस्थी मी एकटीने शिवडीच्या जेटीवर नेल्या. आमचे पहिले खाडीतून आले होते, तर आप्पांनी खाडीत जावं, असं मनाशी म्हणत होते. ओहोटी होती. दूरवर नुसता चिखल, आणि चिखलात फ्लेमिंगो. काठावर मोठमोठ्या कॅमेऱ्यांची माणसं. मी पाण्याच्या जवळ जायला लागले तसा एकजण अदबीने म्हणाला, "मॅडम, जरा थांबाल का? पक्षी उडतील." मी थांबले. कितीतरी वेळ पिशवी धरून थांबले. शेवटी भरती यायच्या आधीच चिखलात रिकामी केली आणि परतले.

आता मी एकविसाव्या मजल्यावर राहते. स्वतंत्र बाथरूम आहे, गरम पाणी आहे, पांढऱ्या फरशा आहेत. त्या बाथरूमचा मला आनंद होतो, रोज होतो. आनंद झाला नसता तर निदान एवढं तरी म्हणता आलं असतं की मी फसले. पट्टी होती तिथे गाड्या वरखाली करणारं पार्किंग आहे. त्यासाठी खोल खड्डा खणलाय. बाग झालीच नाही. गेटपाशी चार कुंड्या आहेत.

परवा सर्वपित्री होती. परबकाकी आता बाराव्या मजल्यावर राहतात, त्यांनी ऐंशी ओलांडलीये. पान घेऊन त्या पार्किंगपाशी गेल्या. वॉचमनने दोन्ही हात जोडून सांगितलं की इथे अन्न ठेवायला सोसायटीची मनाई आहे, नोटीस लागलीये. मग त्या पान तसंच घेऊन लिफ्टने माझ्याकडे आल्या. आम्ही ते स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ठेवायला गेलो, पण खिडकीला कबुतरांसाठी जाळी. शेवटी ओट्यावरच ठेवलं, खिडकी उघडी ठेवून. एकविसाव्या मजल्यावर कावळा येत नाही. घारी येतात, त्या लांबूनच फिरतात. आम्ही स्टुलांवर बसून राहिलो. वडे गार झाले, खिरीवर साय धरली.

मी म्हटलं, "काकी, कागदात लिहिलं होतं. इथे समाधी नाही, म्हणून. आप्पांना वाचून दाखवताना मी ते गाळलं."

काकींनी पानाची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाल्या, "माकाय तूच वाचून दाखयलंस."

"हो."

"कामतांका. वरच्या म्हातारेक."

"हो. सगळ्यांना."

तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ज्यांना वाचता येत नव्हतं, त्या सगळ्यांना मी तो करार वाचून दाखवला होता. मी शिकलेली, विमा कंपनीतली, आप्पांची मुलगी. नऊ घरांत मी तेरावं कलम वाचून पान उलटलं होतं.

"तेवा सांगितलं असतंस तर..." काकी म्हणाल्या.

"तर काय, काकी?"

त्यांनी मान हलवली. "काय नाय गो. सही केलीच असती."

दाराची बेल वाजली. ओला कचरा न्यायला बाई आली होती. मी उठायच्या आत काकी उठल्या, पानाच्या चारी कडा आत घेतल्या, नीट पुरचुंडी केली आणि दारात जाऊन तिच्या हिरव्या डब्यात ठेवली. परत येऊन नळाखाली हात धुतले, माझ्या नॅपकिनला पुसले.

"फुडच्या वर्सा नको ठेवूया," म्हणाल्या.

मी बरं म्हटलं.